खापरावरच्या मांड्यांचे फोटो: हात पुसट, चेहरे केशरी आणि वर काळे पट्टे

गिरणाकाठ

नमस्कार मंडळी. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घरी खापरावर, म्हणजे चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या भांड्यावर, पुरणाचे मांडे होतात. चूल मागच्या खोलीत आहे. खोली धाब्याची, छत धुरानं काळं झालेलं. उजेड म्हणाल तर चुलीचा जाळ आणि वर छताला लागून ९ वॅटचा एक पांढरा एलईडी बल्ब. सासूबाई आणि काकू हातावर मांडा फिरवत फिरवत मोठा करतात आणि खापरावर टाकतात, ते फोटोत नीट यायला हवं आहे.

सध्या असं होतं: हात पुसट येतात, चेहरे केशरी आणि मागची भिंत निळसर येते, काही फोटोंत आडवे काळे पट्टे दिसतात. फ्लॅश लावला तर समोर नुसता पांढरा ढग. नंतर ॲपमध्ये दाणे (अंधारातल्या फोटोवरचे बारीक ठिपके) घालवायला गेलं की चेहरे मेणाचे होतात.

फोनमध्ये प्रो मोड (सेटिंग हातानं ठरवता येतात तो) आहे. जुना डीएसएलआरही मिळू शकतो, त्याला १८-५५ ची सोबत आलेली लेन्स आहे, एफ ३.५ ते ५.६ (हा आकडा लहान तेवढा उजेड जास्त). सेटिंग काय ठेवू? नवी लेन्स घ्यावी लागेल का?

उजेडवेडा

ताई, कॅमेऱ्याला हात लावायच्या आधी बल्ब खाली घ्या. चेहऱ्यापासून ८ फुटांवरचा बल्ब ४ फुटांवर आणला की चेहऱ्यावरचा उजेड दुप्पट नाही, चौपट होतो. जिथे आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, वाढवली की दाणे वाढतात) ५००० लागत होता तिथे १२५० मध्ये भागतं. एवढा फरक कुठलंच ॲप पाडू शकत नाही. लांब वायरीचा होल्डर आणा आणि खुंटीला टांगा. वायर चुलीच्या वरून नेऊ नका, बाजूनं न्या.

दुसरं, पांढरा बल्ब काढून पिवळसर लावा. खोक्यावर २७०० किंवा ३००० के (केल्विन, उजेडाच्या रंगाचं माप) लिहिलेलं असतं. पांढरा बल्ब साधारण ६५०० केल्विनचा असतो आणि चुलीचा जाळ २००० च्या आसपास. कॅमेरा एका वेळी एकाच रंगाशी जुळवून घेतो, म्हणून चेहरा केशरी आणि भिंत निळी. दोन्ही उजेड पिवळ्याच घरातले असले की ही ओढाताण बरीच कमी होते आणि एडिटिंगचं निम्मं काम तिथेच वाचतं.

तिसरं, बल्बची जागा. हातावर पसरलेला मांडा इतका पातळ असतो की मागून उजेड आला तर आतलं पुरण दिसतं. हीच तर मांड्याची खरी शोभा. म्हणून बल्ब करणारीच्या समोर नको. तिच्या बाजूला, जरा मागे आणि डोक्याच्या थोडा वर टांगा. तो स्वतः चौकटीत येऊ देऊ नका, नाहीतर सगळ्या फोटोवर धुकं पसरतं. चेहऱ्याची पुढची बाजू मग काळी पडेल. त्यासाठी तुम्ही उभ्या आहात त्या बाजूला, चुलीपासून चांगलं लांब, धुतलेलं पांढरं धोतर किंवा चादर दोरीवर ताणून लावा. परतलेला उजेड चेहऱ्यावर पडतो. थर्माकोलची शीट यासाठी छान चालते, पण आगीच्या खोलीत ती आणूच नका.

फ्लॅश विसरा. समोरून मारला तर लेन्सजवळचा धूर आधी उजळतो, तोच तुमचा पांढरा ढग. छतावर मारून खाली पाडावा म्हटलं तर धाब्याचं काळं छत उजेड गिळून टाकतं.

पांझरेकर

वरचं सगळं बरोबर. आता कॅमेऱ्याचं सांगतो.

हात पुसट येतात ते तुमचा हात हलल्यामुळे नाही, त्यांचा हलल्यामुळे. फोनचं स्टॅबिलायझेशन फक्त कॅमेऱ्याची थरथर सांभाळतं, समोरच्याच्या हालचालीला ते काही करू शकत नाही. ऑटोवर अंधारात फोन शटर (सेन्सरवर उजेड पडण्याचा वेळ) १/१५ सेकंद किंवा त्याहूनही मंद करतो. प्रो मोडमध्ये जा, शटर १/१०० वर पक्कं करा आणि आयएसओ लागेल तेवढा चढू द्या. दाणे आलेला फोटो वापरता येतो, पुसट हात नंतर कशानंही दुरुस्त होत नाही.

१/१०० च का? काळ्या पट्ट्यांमुळे. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे हलक्या प्रतीचा एलईडी बल्ब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. फोनचा सेन्सर फोटो एकदम घेत नाही, ओळीओळीनं वाचतो. १/१०० मध्ये प्रत्येक ओळीला बल्बचं एक पूर्ण आवर्तन मिळतं, १/५० मध्ये दोन. १/१२५ किंवा १/२०० ठेवलं की काही ओळींच्या वाट्याला उजेड येतो, काहींच्या वाट्याला मंदी. बल्ब तपासायचा असेल तर प्रो मोडमध्ये शटर १/१००० करून स्क्रीनवर त्याच्याकडे बघा. ठळक पट्टे सरकताना दिसले तर बल्ब बदला. चांगल्या ड्रायव्हरचा (आतल्या वीज सांभाळणाऱ्या सर्किटचा) बल्ब असेल तर पट्टे दिसत नाहीत किंवा अगदी पुसट दिसतात, आणि मग १/२०० सुद्धा वापरता येतं.

१/१०० मध्ये हात थांबतील का? सगळे नाही. मांडा या हातावरून त्या हातावर जाताना दिशा बदलते, त्या क्षणी हात जवळजवळ स्थिर असतो. तिथे १/१०० पुरतं. बर्स्ट (एकामागून एक झटपट फोटो) लावून ८-१० फ्रेम घ्या, दोन-तीन हमखास मिळतात. खापरावर टाकण्याचा झपाटा मात्र खूप वेगाचा असतो. त्याला १/२५० हवं, म्हणजे आयएसओ अडीचपट.

अंदाजासाठी आकडे देतो, ९ वॅटचा बल्ब ४ फुटांवर धरून. फोनची मुख्य लेन्स एफ १.८, शटर १/१००, आयएसओ साधारण १२५०. डीएसएलआर १८ एमएमवर एफ ३.५, तेच शटर, आयएसओ ५००० च्या आसपास. झूम करून ५५ वर गेलात तर एफ ५.६ होतं आणि आयएसओ १२००० च्याही वर जातो. म्हणून त्या लेन्सनं झूम करू नका, १८ ते २४ मध्येच राहून पायांनी जवळ जा. फोनवरही १एक्स सोडू नका. वाइड लेन्सचा सेन्सर लहान असतो आणि अंधारात ती लवकर हात टेकते. ३एक्स दाबलं तर पुष्कळ फोन कमी उजेडात मुख्य कॅमेऱ्याचाच फोटो कापून मोठा करून देतात.

लेन्स घ्यायचीच असेल तर ३५ एमएम एफ १.८ घ्या. ५० एमएम स्वस्त पडते, पण त्या डीएसएलआरच्या सेन्सरवर ६ फुटांवरून जेमतेम पावणेतीन फूट रुंदी मावते. ३५ मध्ये चार फूट, म्हणजे बाई, चूल आणि खापर येतं. एक लक्षात असू द्या: ३५ एमएम एफ १.८ वर ६ फुटांवरून जेमतेम ८ इंच खोलीच धारदार राहते. हात पुढे, चेहरा मागे, दोन्ही एकदम मिळत नाहीत. एफ २.८ केलं तर फूटभर मिळते. फोनमध्ये ही अडचण फारशी येत नाही, म्हणून माझं मत असं की यंदाची आखाजी फोनवरच काढा आणि लेन्सचे पैसे तूर्त राखून ठेवा.

फोकस धुरात भटकतो. साडीचा काठ किंवा बांगडी अशा ठळक जागेवर बोट दाबून धरा, लॉक होऊ द्या. आणि प्रत्येक १०-१५ फोटोंनंतर लेन्स मऊ सुती कापडानं पुसा. तुपाच्या बोटाचा एक ठसा पुरे, दिव्याभोवती झालर येते आणि सगळा फोटो फिका पडतो.

कळणाभाकर

मला थोडं वेगळं वाटतं. बल्ब लावला की चुलीचा रंग मरतो. बल्ब बंद करा, नुसत्या जाळावर काढा. खापर, निखारे, परातीतली कणीक, चुलीकडे बघत बसलेली म्हातारी माणसं, हे सगळं नाइट मोडमध्ये सुरेख येतं. फोन ज्वारीच्या पोत्यावर टेकवा, २ सेकंदांचा टायमर लावा. कपाशीच्या चार वाळक्या काड्या सारल्या की जाळ उंच होतो, तेवढ्यात बटण दाबा.

पांझरेकर

@कळणाभाकर, थांबलेल्या गोष्टींना हे मान्य, काड्यांची युक्ती तर फारच उपयोगी. पण मांडा करणाऱ्या हातांना नाइट मोड लावू नये. तो एकामागून एक अनेक फ्रेम घेऊन जोडतो. हात प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या जागी असतो, मग बोटं सहा दिसतात नाहीतर विरघळतात. बल्ब मागे आणि जाळ पुढे असला की चुलीचा रंगही मरत नाही. फार वाटलं तर ९ ऐवजी ५ वॅटचा पिवळा लावा.

आणि ज्वाळा पांढरी फटक येते म्हणून सगळा फोटो काळा करू नका. ज्वाळेचा गाभा जळू द्या, चेहरा सांभाळा. अंधारात काढून नंतर उजळवलेला चेहरा हा आयएसओ वाढवून काढलेल्या चेहऱ्यापेक्षा बहुतेक वेळा जास्त दाणेदार निघतो.

गिरणाकाठ

खूप आभार! बल्ब आणि होल्डर दोन्ही आणते. आता एडिटिंगचं सांगा ना. चेहरे मेणाचे कशानं होतात? आणि रॉ मध्ये काढू का?

अंधारखोली

मेण होतं ते दोनदा इस्त्री केल्यामुळे. फोन जेपेग तयार करतानाच दाणे पुसतो. त्यावर तुम्ही ॲपमध्ये पुन्हा पुसता, मग कातडीचा पोत, सुरकुत्या, कपाळावरचा घाम, सगळं जातं. त्यावर शार्पनेस वाढवला की कडा करवतीसारख्या दिसतात. जेपेग असेल तर दाण्यांना हात लावू नका.

प्रो मोडमध्ये रॉ, म्हणजे सेन्सरची मूळ कच्ची फाइल (डीएनजी), काढता येत असेल तर जरूर काढा, सोबत जेपेगही राहू द्या. रॉ उघडल्यावर जेपेगपेक्षा खराब दिसेल, घाबरू नका. तो न पुसलेला आहे, म्हणूनच किती पुसायचं ते तुमच्या हातात राहतं. फोनवर लाइटरूम आणि स्नॅपसीड दोन्हीत डीएनजी उघडतो. कॉम्प्युटर असेल तर डार्कटेबल फुकट आहे आणि त्यातलं प्रोफाइल्ड डीनॉइज चांगलं काम करतं. लाइटरूमच्या कॉम्प्युटर आवृत्तीत २०२३ पासून एआय डीनॉइज आलं आहे, तेही चांगलं, पण त्याचा जोर ५० च्या वर नेला की पुन्हा मेणाकडे वाटचाल.

क्रम महत्त्वाचा. आधी रंग. व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) पूर्ण दुरुस्त करायला जाऊ नका. चुलीचा उजेड केशरीच असतो, तो पांढरा केला की चेहरे आजारी दिसतात. नजर मांड्यावर ठेवा. मांडा किंचित पिवळसर दिसायला लागला की थांबा. बहुधा २८०० ते ३४०० केल्विनच्या मध्ये कुठेतरी जुळतं. चेहरा तरीही लालभडक वाटला तर केल्विनला हात न लावता नारंगी रंगाचं सॅच्युरेशन १० ते १५ नं कमी करा.

मग उजेड. हायलाइट्स (उजळ भाग) ३० ते ४० नं खाली, शॅडोज (काळोखे भाग) फार तर १५ नं वर. बहुतेक फोटो बिघडतात ते इथेच: शॅडोज ८० वर नेतात, काळी भिंत राखाडी होते आणि तिच्यातले दाणे उठून येतात. अंधाराला अंधार राहू द्या. उलट ब्लॅक्स ५ ते १० नं खाली ओढा, अर्धे दाणे त्यातच बुडतात.

मग दाणे. रॉ वर कलर नॉइज २५ ते ३०. लाल-हिरवे ठिपके याच पट्टीनं जातात आणि चेहऱ्याला फारसं नुकसान होत नाही. ल्युमिनन्स (रंग नसलेल्या दाण्यांची पट्टी) २० पासून सुरू करा, ३५ च्या वर नको. हे करताना फोटो १०० टक्के मोठा करून डोळ्याजवळ बघा, पापण्या एकमेकींना चिकटायला लागल्या की ५ नं मागे या. शार्पनिंग सगळ्यात शेवटी, आणि मास्किंग ७० च्या आसपास ठेवून, म्हणजे ते कडांवरच लागतं, भिंतीवर नाही.

रंग काही केल्या जुळेनात तर कृष्णधवल करा. याला पळवाट समजू नका. धूर, खापर, सुरकुत्या आणि पीठ यांना कृष्णधवल फार शोभतं, रंगीत ठिपक्यांचा प्रश्नच संपतो आणि उरलेले दाणे जुन्या फिल्मसारखे दिसतात.

छापणार असाल तर स्क्रीनचा ब्राइटनेस निम्म्यावर आणून एडिट करा. पूर्ण ब्राइटनेसवर बरोबर दिसलेला फोटो कागदावर काळा येतो. ६ बाय ४ इंचाला ३०० डीपीआयनं १८०० बाय १२०० पिक्सेल लागतात. १२ मेगापिक्सेलचा फोटो त्या मापाला आला की दाणे बरेचसे आपोआप मिटतात. आधी एकच प्रिंट काढून बघा. लॅबला किंवा घरच्यांना पाठवताना व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो दाबून लहान करतो.

गिरणाकाठ

शेवटचं एक. श्रावणात कानबाईच्या (आमच्याकडच्या देवीच्या) रात्री दिव्यांसमोर, आणि हिवाळ्यात शेतात भरीत पार्टीला, हीच सेटिंग चालतील?

उजेडवेडा

कानबाईला घरातला पांढरा बल्ब बंद करून बाजूच्या खोलीतला पिवळा चालू ठेवा, दारातून येतो तेवढा उजेड पुरे. नुसत्या मूर्तीचा आणि दिव्यांचा फोटो असेल तर नाइट मोड, एक्सपोजर उणे १, म्हणजे ज्योतीचा आकार राहतो. आरती फिरत असेल तर प्रो मोड, १/५०. ताट पुसट आणि चेहरे स्थिर असा फोटो तिथे उलट जिवंत वाटतो.

भरीत पार्टीचा फोटो वेळेवर अवलंबून आहे. डिसेंबरात जळगावकडे सूर्य पावणेसहा-सहाच्या दरम्यान मावळतो. त्यानंतर १५ ते ३० मिनिटं आकाश गडद निळं असतं आणि काड्यांचा जाळ त्याच्या तोलाचा होतो. वांगी जाळावर चढवायची वेळ त्या अर्ध्या तासात बसवा. शटर १/१००, आयएसओ ८०० पासून सुरू करा आणि जसं अंधारेल तसं दर पाच मिनिटांनी वाढवत न्या. व्हाइट बॅलन्स ४००० वर पक्कं ठेवा, ऑटोवर सोडलं तर तो कधी आकाश राखाडी करतो, कधी जाळ. सात वाजता पोचलात तर मागे नुसती काळी भिंत मिळेल. मग जाळापासून चार-पाच फुटांवर बसलेल्या माणसांचे चेहरे तेवढे काढा, बाकी शिवार सोडून द्या.