मदत हवी आहे : आईची शुगरची गोळी कुठेच मिळत नाहीये, दुसरी कुठली चालेल?

घाईत_अनघा : आईला (वय ६८, कराडला एकटीच असते) गेल्या महिन्यात मोफत शुगर शिबिरात एक गोळी लिहून दिली. पट्टी संपलीय. चार मेडिकल पालथी घातली, कुणाकडेच नाही. पुण्यात मिळेल का? नाहीतर तीच, दुसऱ्या नावाची? उद्या पहाटेच्या एसटीने निघतेय, लवकर सांगा प्लीज.

पिंपळपार : गोळीचं नाव?

घाईत_अनघा : नाव टाकलं होतं, संपादकांनी उडवलं. शेवटी 'एमव्ही २' आहे. दोन थरांची, पांढरी-गुलाबी.

मेथीवाले_काका : गोळ्यांच्या नादी लागू नका. रात्री चमचाभर मेथ्या भिजत घालायच्या, सकाळी पाण्यासकट. माझी उपाशीपोटीची १८० वरून ११० वर आली. आपण बरे झालो तर कंपन्यांनी खायचं काय?

पिंपळपार : काका, परवा गुडघेदुखीच्या धाग्यावरही मेथ्याच होत्या.

बॅगवाला : २२ वर्षं एमआर (औषध कंपनीचा प्रतिनिधी) होतो, म्हणून सांगतो. नाव सोडा, पट्टी उलटी करून बारीक अक्षरं वाचा. 'एमव्ही २' म्हणजे बहुतेक मेटफॉर्मिन, व्होग्लिबोज आणि ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम. पण वाचल्याशिवाय घेऊ नका. याच मिश्रणाची ढीगभर नावं आहेत. आम्ही शिबिर लावायचो तेव्हा मशीन आमचं, बॅनर आमचा आणि माल शेजारच्या एकाच मेडिकलात भरून ठेवलेला. चार दुकानं फिरून मिळणार कशी?

निशाचर : औषध कंपन्यांसाठीच्या २०२४ च्या आचारसंहितेनंतर हे बंद झालं ना?

बॅगवाला : भेटवस्तू, परदेशवाऱ्या कागदावर बंद. सॅम्पलही एका औषधाची एका डॉक्टरला वर्षाला १२ पाकिटंच. विक्रीचं टार्गेट मात्र कुणी बंद केलेलं नाही.

दुबईकर : माझं वजन ९४. मौंजारो (ते वजन उतरवायचं इंजेक्शन) कुणी घेतंय का?

पिंपळपार : वेगळा धागा काढा हो.

जनौषधी_झिंदाबाद : जनौषधीत जा, निम्म्याहून स्वस्त. शुगरच्याच एम्पाग्लिफ्लोझिनचं बघा. साठ रुपयांच्या आसपासची गोळी, मार्च २०२५ मध्ये पेटंट संपलं आणि दहाच्या आत आली. इतकी वर्षं कुणाचे खिसे भरले?

निशाचर : तो शोध लावायला पैसे लागले नव्हते का?

राधिका_फार्मसी : भांडा नंतर. अनघा, आईंना शुगर नवीनच निघाली का? की आधीपासून गोळी चालू होती?

घाईत_अनघा : आहे ना सहा वर्षांपासून. घरच्या डॉक्टरांची, ती मिळते. प्रश्न फक्त शिबिरातल्या गोळीचा आहे.

राधिका_फार्मसी : म्हणजे दोन्ही घेत होत्या? जुन्या पट्टीच्या मागे काय लिहिलंय?

घाईत_अनघा : आईला फोन करून वाचायला लावलं. जुनीवर ग्लिमेपिराइड १, मेटफॉर्मिन ५००. शिबिरातल्या रिकाम्या पट्टीवर ग्लिमेपिराइड २, मेटफॉर्मिन ५००, व्होग्लिबोज ०.२. दोन्ही घ्यायची. आता म्हणते, गेल्या आठवड्यात दोनदा पहाटे घामाने गाऊन भिजला. एकदा मशीनवर ५८. साखर खाल्ली तरी बराच वेळ थरथर थांबेना. मला म्हणाली, उकाडा होता.

राधिका_फार्मसी : उकाडा नव्हे, शुगर उतरली होती. तेच औषध दोन नावांनी पोटात जात होतं. शिबिरातली गोळी मिळाली नाही हेच बरं झालं, ती शोधू नका. घरच्या डॉक्टरांना आत्ताच फोन करा, दोन्ही पट्ट्यांचे फोटो पाठवा. पुढे काय घ्यायचं ते तेच सांगतील. आणि व्होग्लिबोज चालू असताना शुगर उतरली तर साधी साखर लवकर लागू पडत नाही, कारण आतड्यात साखर फुटण्याचं कामच ती गोळी मंद करते. ग्लुकोज पावडर द्यायची, तीन चमचे पाण्यात. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखान्यात न्या.

बॅगवाला : जुन्या गोळ्या विचारायला शिबिरात वेळ नसतो. माणशी दोन मिनिटं.

मेथीवाले_काका : मेथीने घाम येत नाही.

घाईत_अनघा : डॉक्टरांशी बोलले. आजची रात्रीची गोळी घ्यायची नाही, सकाळी उपाशीपोटी तपासून कळवायचं. शेजारच्या काकू आईकडे झोपायला जातायत. त्यांना ग्लुकोजचा डबा आणायला सांगितलाय. काका, मेथ्या आईकडे आहेत, लाडवांसाठी.

दुबईकर : धागा काढला. कुणीच उत्तर देत नाही.