अमेरिकेतले माजी सैनिक बेघर का होतात?

कृष्णाकाठ:
नमस्कार. माझे माहेर सातारा जिल्ह्यातले आहे. आमच्याकडे घरटी एक तरी माणूस पलटणीत असतो आणि पेन्शनीत आलेल्या फौजीच्या शब्दाला गावात वजन असते. गेली काही वर्षे मी लॉस एंजेलिसमध्ये राहते. येथे चौकाचौकांत पुठ्ठ्यावर ‘मी माजी सैनिक आहे’ असे लिहून उभी असलेली माणसे दिसतात. ज्या देशात ११ नोव्हेंबरला माजी सैनिकांच्या सन्मानार्थ सरकारी सुटी असते आणि विमानात गणवेशातल्या माणसाला आधी चढू देतात, त्याच देशात सैन्यात राहून आलेला माणूस पदपथावर कसा येतो, हे मला उमजत नाही. ऑफिसात विचारले तर ‘युद्धाचा मनावर परिणाम होतो’ किंवा ‘व्यसन लागते’ एवढेच उत्तर मिळते. परंतु युद्धावर जाऊन आलेले असंख्य लोक नेटाने संसार करत आहेत, त्यामुळे हे उत्तर मला अपुरे वाटते. कोणाचा या विषयाशी जवळून संबंध असेल, तर नेमके कोठे बिनसते ते कृपया सविस्तर सांगावे.

पैलतीर:
ताई, मी सॅन दिएगोमध्ये बेघर माजी सैनिकांना भाड्याचे घर मिळवून देणाऱ्या एका संस्थेत केस मॅनेजर, म्हणजे एकेका माणसाचे प्रकरण हाताळणारी कर्मचारी, आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

आधी एक आकडा सांगते, कारण त्याने या प्रश्नाकडे पाहण्याची नजर बदलते. येथे दर जानेवारीत एका रात्री देशभर बेघरांची मोजणी होते. २०१० साली त्यात सुमारे ७४,००० माजी सैनिक सापडले होते. २०२४ साली ही संख्या ३३,००० च्या आसपास आली. याच काळात देशातल्या एकूण बेघरांची संख्या मात्र सुमारे ६.४ लाखांवरून ७.७ लाखांवर गेली. सारा दोष सैनिकाच्या मनाचा किंवा दारूचा असता, तर केवळ माजी सैनिकांचाच आकडा निम्म्याहून खाली आला नसता. तो आला, कारण २००८ पासून केंद्र सरकारने त्यांच्यासाठी घरभाड्याची व्हाउचर, म्हणजे भाड्याचा काही भाग सरकार भरेल अशी हमीपत्रे, मोठ्या प्रमाणावर दिली आणि प्रत्येक व्हाउचरबरोबर माजी सैनिक खात्याचा, म्हणजे ज्याला येथे सगळे व्हीए म्हणतात त्याचा, एक केस मॅनेजर जोडून दिला. पुढे ‘आधी दारू सोड, मग घर देऊ’ ही अटही बाजूला ठेवली गेली. मला हे पाऊल सर्वांत शहाणपणाचे वाटते, कारण गाडीत झोपणाऱ्या माणसाला उपचार नियमित घेता येत नाहीत.

आता कारणांविषयी. युद्धाच्या आघाताला कोणी नाकारत नाही. व्हिएतनामहून परतलेल्यांच्या अनुभवातूनच या विकाराला १९८० साली वैद्यकशास्त्रात पीटीएसडी, म्हणजे आघातोत्तर तणाव विकार, हे अधिकृत नाव मिळाले. परंतु येल विद्यापीठातील रॉबर्ट रोझेनहेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात एक वेगळेच चित्र पुढे आले. आपल्या वयाच्या इतर पुरुषांच्या तुलनेत बेघर होण्याचा धोका सर्वांत जास्त होता तो व्हिएतनाममध्ये लढलेल्यांना नव्हे, तर सक्तीची भरती १९७३ साली बंद झाल्यानंतरच्या वर्षांत स्वेच्छेने दाखल झालेल्या मुलांना. त्यांच्यापैकी बहुतेकांनी मोठे युद्ध पाहिलेलेच नव्हते. त्या काळी सैन्याची लोकप्रियता तळाला गेली होती आणि ज्यांना बाहेर दुसरा मार्ग नव्हता अशी गरीब घरांतली मुले अधिक येत होती. १९७६ ते १९८० या काळात तर प्रवेशचाचणीचे गुण काढण्याची पद्धतच चुकल्यामुळे एरवी नापास झाले असते असे बरेच जण आत घेतले गेले. म्हणजे ज्याच्या पाठीशी घर नव्हते असा मुलगा सैन्यात गेला, चार वर्षांनी बाहेर आला आणि तेव्हाही त्याच्या पाठीशी घर नव्हते. त्याच संशोधकांना व्हिएतनामच्या पिढीतही असे आढळले की रणांगणाचा परिणाम बराचसा आडवळणाने होतो, आणि परतल्यानंतरचा एकाकीपणा हा फार बलवान घटक असतो.

माझ्या रोजच्या कामात हेच दिसते. अठराव्या वर्षी भरती झालेल्या मुलाला पगाराबरोबर बराक किंवा घरभाडे भत्ता, मेसचे जेवण, दवाखाना, दिवसाचे वेळापत्रक आणि जिवाला जीव देणारे सोबती हे सगळे एकाच ठिकाणाहून मिळते, आणि सेवा संपते त्या दिवशी ते सगळे एकदमच सुटते. रणभूमीवर जखमींचे प्राण वाचवलेल्या वैद्यकीय सहायकाला बाहेर परिचारकाची नोकरीसुद्धा परवान्याशिवाय मिळत नाही. तरीही बहुतेक जण लगेच रस्त्यावर येत नाहीत. मधे अनेक वर्षे जातात. नोकरी सुटते, घटस्फोट होतो, भावाच्या दिवाणखान्यात काही महिने निघतात, मग गाडी हेच घर होते, आणि दंड न भरल्यामुळे ती गाडीही एक दिवस उचलून नेली जाते. माणूस शेवटच्या पायरीवर आला की लोकांना दिसतो आणि मग कारणही तेथेच शोधले जाते.

निवृत्त सुभेदार:
पैलतीर यांनी जे लिहिले ते मला पटते. मी पायदळात पूर्ण सेवा करून पेन्शनीत आलो आहे. आपल्याकडे जवानाला १५ वर्षे सेवा झाली की पेन्शन लागू होते. अमेरिकेत त्यासाठी २० वर्षे लागतात, आणि बहुसंख्य सैनिक त्याच्या कितीतरी आधी बाहेर पडतात, हे येथील पुष्कळ लोकांना ठाऊक नसते. आमच्याकडे माणूस घरी येतो तेव्हा दरमहा ठरलेली रक्कम, कँटीनचे कार्ड, माजी सैनिकांसाठीच्या ईसीएचएस या आरोग्ययोजनेचा दवाखाना आणि अडचण आलीच तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय एवढा आधार असतो, आणि बहुतेकांना गावात थोडीफार जमीन व भावकीही असते. शौर्य दोन्हीकडे सारखेच आहे. परतण्याची जागा मात्र सारखी नाही. २०२२ साली आलेल्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीर कायम होणार आहेत आणि बाकीचे सुमारे ११.७१ लाख रुपये सेवानिधी घेऊन पेन्शनशिवाय परतणार आहेत, म्हणून अमेरिकेचा हा अनुभव आपल्या धोरणकर्त्यांनी बारकाईने अभ्यासावा असे मला मनापासून वाटते.

माझी एक शंका आहे. शिस्तभंगामुळे ज्याला काढून टाकले जाते, त्याचे तेथे काय होते?

पैलतीर:
सुभेदारसाहेब, तुम्ही मर्मावर बोट ठेवले.

सेवा संपताना प्रत्येकाला एक कागद मिळतो आणि त्यावर ती कशी संपली याचा शेरा असतो. सन्मानपूर्वक मुक्तता झालेल्यांना सर्व सवलती मिळतात. परंतु ‘सन्मानपूर्वक नसलेली’ अशा शेऱ्याचा एक प्रकार असा आहे की तो देण्यासाठी लष्करी न्यायालयात खटला चालवावा लागत नाही. प्रशासकीय कारवाईनेच तो देता येतो. इराक किंवा अफगाणिस्तानातून परतलेला एखादा जवान झोप लागत नाही म्हणून पिऊ लागतो, हजेरीला उशिरा येतो, वरिष्ठाच्या अंगावर धावून जातो किंवा गांजाच्या चाचणीत सापडतो आणि काही आठवड्यांत बाहेर फेकला जातो. हे वर्तन अनेकदा त्याच आजाराचे लक्षण असते ज्यावर व्हीएच्या रुग्णालयात उपचार झाले असते, आणि त्या रुग्णालयाचे दार या शेऱ्यामुळेच त्याच्यासाठी बंद होते किंवा निदान बंद आहे असे त्याला सांगितले जाते. शिक्षणाची सवलतही जाते आणि नोकरी देणारा कागद पाहून परत पाठवतो. ज्याला मदतीची सर्वांत जास्त गरज, त्यालाच सर्वांत कमी मदत मिळेल अशी ही रचना आहे, आणि तिचा मला अतिशय राग येतो.

यात काही सुधारणा झाल्या आहेत. २०१४ साली तत्कालीन संरक्षणमंत्री चक हेगल यांनी आदेश काढला की जुना शेरा बदलून मिळावा म्हणून कोणी अर्ज केला आणि त्यात मानसिक आघाताचा पुरावा असेल, तर त्याचा उदारपणे विचार करावा. असे शेरे असलेल्यांनाही काही गृहयोजनांमध्ये आता प्रवेश मिळतो, आणि व्हीए त्यांच्या पात्रतेचा स्वतंत्रपणे निर्णय करू शकते. परंतु अर्जासाठी जुनी लष्करी व वैद्यकीय कागदपत्रे जमवावी लागतात आणि वकील मिळाला तर बरे असते. तंबूत राहणाऱ्या माणसाला स्वतःचे ओळखपत्र सांभाळणेही कठीण जाते.

अंगणवाट:
मी लॉस एंजेलिसचाच रहिवासी आहे. यात जमिनीचा आणि भाड्याचा भाग राहून गेला, तो जोडतो.

शहराच्या पश्चिम भागात व्हीएचे सुमारे ३८८ एकरांचे आवार आहे. १८८८ साली दोन दात्यांनी अपंग सैनिकांच्या वसतिगृहासाठी जमीन दान दिली, त्यातून ते उभे राहिले, आणि एके काळी तेथे हजारो माजी सैनिक राहत होते. १९७१ च्या भूकंपानंतरच्या काळात ही निवासव्यवस्था मोडीत निघाली आणि जमिनीचे तुकडे भाडेपट्ट्याने इतरांना दिले गेले. त्यांत विद्यापीठाचे बेसबॉल मैदान झाले आणि एका खासगी शाळेची क्रीडांगणेही झाली. २०२१ पर्यंत त्याच आवाराच्या कुंपणाबाहेर, सॅन व्हिसेंटे रस्त्यावर, माजी सैनिकांच्या तंबूंची रांग होती. २०११ साली खटला झाला, २०१५ साली तडजोड झाली, मग सुमारे १,२०० घरे बांधण्याचा आराखडा आला आणि काम रेंगाळले, म्हणून २०२२ साली पुन्हा खटला भरावा लागला. सप्टेंबर २०२४ मध्ये न्यायाधीश डेव्हिड कार्टर यांनी १,८०० कायमस्वरूपी आणि ७५० तात्पुरती घरे बांधण्याचा आदेश दिला, त्यावर सरकार अपिलात गेले. दान मिळालेली जमीन हाताशी असताना घरासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते, याहून मोठा अन्याय मला सुचत नाही.

भाड्याचे म्हणाल, तर व्हाउचर हातात असूनही घरमालक मिळत नाही म्हणून ते वापराविना राहते, असे येथे सर्रास घडते. शिवाय एक विचित्र नियम होता. सेवेत आलेल्या अपंगत्वाबद्दल मिळणारी भरपाई उत्पन्नात धरली जात असे. त्यामुळे जो सर्वांत जास्त जायबंदी, त्याची भरपाई सर्वांत मोठी, आणि म्हणून तोच उत्पन्नमर्यादेबाहेर जाऊन सवलतीच्या घराला अपात्र ठरत असे. केंद्रीय गृहनिर्माण खात्याने ऑगस्ट २०२४ मध्ये व्हाउचरधारकांसाठी हा नियम बदलला.

कृष्णाकाठ:
आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. जमिनीची हकिगत मला मुळीच ठाऊक नव्हती. शेवटचे एकच विचारते: रस्त्यावर मला नेहमी पुरुषच दिसतात. सैन्यातून बाहेर पडलेल्या स्त्रियांवर ही वेळ येत नाही का?

पैलतीर:
येते, ताई, पण दिसत नाही. माझ्याकडे आलेल्या स्त्रियांपैकी बऱ्याच जणी मुलांना घेऊन मैत्रिणीकडे किंवा नातेवाइकांकडे दिवस काढत होत्या, आणि काही जणी मारहाण करणाऱ्या जोडीदाराबरोबर केवळ छप्परासाठी राहत होत्या. जानेवारीतल्या त्या रात्रीच्या मोजणीत अशा स्त्रिया धरल्या जात नाहीत. बेघर झालेल्या माजी सैनिक स्त्रियांमध्ये सेवेत असताना सहकाऱ्यांकडून लैंगिक अत्याचार सोसलेल्यांचे प्रमाण मोठे आहे, म्हणून पुरुषांनी भरलेल्या निवाऱ्यात रात्र काढण्याची त्यांची तयारी नसते, आणि अनेक निवाऱ्यांत मुलांना सोबत घेता येत नाही. अशा कुटुंबांना आम्ही शक्यतो निवाऱ्यात पाठवतच नाही. माजी सैनिकांच्या कुटुंबांसाठी व्हीएची एक वेगळी अनुदान योजना आहे. तिच्यातून डिपॉझिट, थकलेले भाडे आणि पहिल्या काही महिन्यांचा खर्च भागवता येतो, आणि घर सुटण्याआधी कोणी आमच्यापर्यंत पोहोचले, तर ते घर पुष्कळदा वाचते.