मीठ रश्शात उतरतं, मग तिखटाचा रंग तर्रीतच का?

अकरावीची आई: काल मिसळ करताना लेकीने विचारलं, "आई, मीठ सगळ्या रश्शाला लागलं, पण लाल रंग वरच्या तेलातच का?" पाणी ध्रुवीय असतं, एवढं तिच्या पुस्तकात आहे. पण तिखटही त्याच पाण्यात उकळलं ना?

निवृत्त मास्तर: ताई, लेकीने फार चांगलं हेरलंय. पाण्याचा रेणू वाकडा असतो, कोन 104.5 अंशांचा. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो, म्हणून ती बाजू किंचित ऋण, हायड्रोजनची किंचित धन. यालाच ध्रुवीय म्हणतात. मिठातल्या सोडियमला पाणी ऑक्सिजनच्या बाजूने वेढतं, क्लोराइडला हायड्रोजनच्या. असा गराडा पडला की खडा सुटत जातो.

तिखटाचा लाल रंग मुख्यतः कॅप्सॅन्थिनचा. 40 कार्बनचा लांबलचक रेणू. टोकांकडे थोडे ऑक्सिजन आहेत, पण मधली सगळी साखळी तेलाच्याच जातीची. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात, आणि या साखळीत त्यांना धरण्यासारखं काही सापडत नाही. तेलात मात्र ती सहज मिसळते.

'सम समात विरघळतं' हे वाक्य मुलांकडून नुसतं घोकून घेतात, त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. दोन वाट्या घ्या. एकीत कोमट पाणी, दुसरीत कोमट तेल. दोन्हींत अर्धा चमचा तिखट घाला, ढवळा आणि निवळू द्या. मग वरचं तेल वेगळ्या कोरड्या वाटीत ओतून त्यात चिमूटभर मीठ टाका. तिलाच बघू दे.

कोकणातली सून: आमच्याकडे फणस फोडायच्या आधी हाताला आणि विळीला खोबरेल चोळतात. चीक पाण्याने धुतला तर आणखीच चिकटतो, तेलाने सुटतो. हेही तेच का?

निवृत्त मास्तर: हो, तेच. चिकातले राळेसारखे पदार्थ पाण्याला दाद देत नाहीत.

अकरावीची आई: लेक विचारतेय, साखरेत तर मिठासारखे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, नाहीत, मग ती कशी विरघळते?

निवृत्त मास्तर: शाब्बास! साखरेच्या एका रेणूवर आठ ओएच गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या, असतात. प्रत्येक गटाशी पाणी हायड्रोजन बंध, म्हणजे धन-ऋण बाजूंच्या ओढीचं नातं, जोडू शकतं. म्हणून तर लिटरभर पाण्यात जवळपास दोन किलो साखर मावते.

अकरावीची आई: केल्या दोन वाट्या. पाणी फिकट केशरी आणि खाली चोथा. तेल लालभडक. त्यात टाकलेलं मीठ तासाभरानेही तळाशी तसंच होतं, चमच्याने दाबलं तर करकरत होतं. लेकीने वहीत दोन्ही वाट्यांचं चित्र काढलंय, मिठाच्या कणांसकट.