मदत हवी आहे : बालकांच्या आतड्याच्या अस्तराची चाचणी

सप्रेम नमस्कार. मेळघाटात धारणीजवळच्या गावांत, कुपोषित बालकांच्या आतड्याचे अस्तर कितपत शाबूत आहे हे लॅक्टुलोज-मॅनिटॉल चाचणीने (या दोन शर्करा पाजून त्या लघवीत किती उतरतात हे पाहून) तपासण्याची आमची तयारी चालू आहे. मॅनिटॉलचा लहान रेणू निरोगी अस्तरातूनही शोषला जातो, लॅक्टुलोजचा मोठा रेणू मात्र पेशींमधले सांधे सैल झाल्यावरच अधिक प्रमाणात लघवीत उतरतो, म्हणून दोहोंचे गुणोत्तर मोजतात.

खरी अडचण लघवी गोळा करण्याची आहे. काल सरावाच्या वेळी दीड वर्षाच्या मुलीला लावलेली पिशवी घामाने दोनदा सुटली आणि आईचे लुगडे भिजले. पाच तास ती टिकवायची कशी? शिवाय जंतू या शर्करा खातात आणि नमुने नागपूरला पोहोचेपर्यंत दिवस मावळतो. जंतू रोखण्यासाठी नमुन्यात थायमॉल घालावे की क्लोरहेक्सिडीन, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.