जड चिप म्हणजे मातीची चिप, हे कोणी ठरवले?

नांदेडकर: काल येथे एका सदस्याने लिहिले की, हाताला जड लागणारी पोकर चिप (पत्त्यांच्या पोकर या खेळात पैशांऐवजी वापरायची चकती) मातीची आणि हलकी लागणारी प्लास्टिकची. वस्तुस्थिती जवळजवळ उलट असल्यामुळे गप्प राहवले नाही. कॅसिनोतील साच्यात दाबून केलेली ‘क्ले’, म्हणजे मातीची म्हणवली जाणारी, चिप साधारण ८.५ ते १० ग्रॅमची असते. घरगुती संचातील ११.५ ग्रॅमची चिप मात्र बहुधा एबीएस प्लास्टिकची असून तिच्या पोटात धातूची चकती असते. ३९ मिलिमीटर व्यासाच्या आणि ३.३ मिलिमीटर जाडीच्या चिपेचे आकारमान सुमारे ३.९ घन सेंटीमीटर भरते. एबीएसची घनता पाण्यापेक्षा किंचितच जास्त असल्याने निव्वळ प्लास्टिकची चिप ४ ग्रॅमच्या पुढे फारशी जाणार नाही. मग उरलेले वजन कशाचे?

जालन्याचा वाचक: तो सदस्य मीच. माझ्या संचाच्या पेटीवर ‘क्ले’ असे ठळक छापलेले आहे आणि दुकानदारानेही तेच सांगितले होते. गणित कागदावर ठीक आहे. चिप माझ्या हातात आहे.

परभणीहून: आमच्या घरात तीन पिढ्या चाक फिरले, म्हणून ‘माती’ हा शब्द असा वापरलेला मला खपत नाही. कच्ची माती पाण्यात विरघळते आणि भाजलेली माती फरशीवर आपटली की फुटते. माझ्या भाच्याची ‘क्ले’ चिप मी रात्रभर वाटीभर पाण्यात ठेवली होती, सकाळी पाणी नितळ होते. कॅसिनोच्या चिपेतही माती, खडू यांसारखी खनिजे बांधून ठेवणारे दुसरे द्रव्य असतेच. ‘सिरॅमिक’, म्हणजे भाजलेल्या मातीची म्हणवणाऱ्या, चिपेला तर भट्टी ठाऊकच नाही. ती प्लास्टिकच्या जातीची, कडेपर्यंत छपाई केलेली चकती आहे.

संभाजीनगरकर: इतका वाद कशाला? सुई लाल होईपर्यंत तापवून टोचावी, वासावरून लगेच कळते.

लातूरकर: कृपा करून हा सल्ला मागे घ्या. आमच्या चुलत्यांनी आजोबांच्या पेटीतील जुन्या चकतीला अशीच सुई लावली. ती सेल्युलॉइड या पटकन पेट घेणाऱ्या जुन्या प्लास्टिकची निघाली, भपकन पेटली आणि संच कायमचा अपुरा झाला. बेकेलाइट हे जुने कडक प्लास्टिक ओळखायचे असेल तर अंगठ्याने गरम होईपर्यंत घासा, कार्बोलिकसारखा वास येतो. सेल्युलॉइडला कापराचा येतो. हस्तिदंतात एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषा भिंगातून दिसतात, हाडात काळसर ठिपके दिसतात. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे सापडलेली प्राचीन हस्तिदंती मूर्ती कोणी सुई टोचून पारखली असती का?

संभाजीनगरकर: तेरची मूर्ती आणि बाजारातील चिप यांत फरक आहे. सराफही कसोटीवर सोने घासतोच.

लातूरकर: सराफ कण घासतो, दागिना जाळत नाही. नुकसान आमच्या घरी झाले आहे, म्हणून इतक्या कळकळीने सांगतो आहे.

संभाजीनगरकर: बरे, जुन्या चकत्यांपुरती सुई मी मागे घेतो. नव्यांसाठी नाही.

नांदेडकर: नव्यांनाही तिची गरज नाही. लोहचुंबक लावा. चिकटला तर पोटात लोखंड आहे. चिकटला नाही म्हणून धातू नाहीच असे मात्र समजू नये, कारण आत जस्त किंवा पितळही असू शकते.

जालन्याचा वाचक: दाराच्या झडपेचा चुंबक काढून लावला. चिप उचलली गेली. दुकानदाराने मला फसवले हे मान्य करावे लागते. पण वजनदार चिप हातात चांगली बसते, हे माझे म्हणणे मी सोडलेले नाही.