गटात मुलं चार, मोबाइल एक: एआरने शिकतं कोण?

खडूफळा:
काल इथे एकांनी लिहिलं, "एआर (ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी, म्हणजे समोरच्या खऱ्या दृश्यावर संगणकाने उमटवलेलं चित्र) आणलं की मुलं आपोआप एकमेकांकडून शिकतात." वाचल्यापासून डोक्यात तेच घोळतंय. आमच्या आठवीत हृदयाचं थ्रीडी अ‍ॅप वापरलं. चौघांत एक मोबाइल. ज्याच्या घरचा, त्याच्याच हातात. बाकी तिघं त्याच्या खांद्यावरून डोकावतायत. शेवटी झडपांचं काम विचारलं, तर बोलला तो एकटाच. हे कसलं गटात शिकणं?

भूगोलवेडी:
दोष मोबाइलच्या पडद्याचा. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठात तयार झालेला एआर सँडबॉक्स बघा. वाळूची पेटी, वर वाळूची उंची टिपणारा किनेक्ट कॅमेरा आणि प्रोजेक्टर. ढीग केला की त्यावर रंग आणि समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) उमटतात. वर पंजा धरला की पाऊस पडतो. हातात काही धरायचं नाही, सगळ्यांना एकच दिसतं. एका प्रदर्शनात पाहिलं, एकीने बांध घातला आणि दुसरीची दरी बुडाली. "तुझ्यामुळे पाणी अडलं!" दोघींनी भांडत भांडत उतार शोधला.

खडूफळा:
समोच्च रेषा आम्ही बटाट्याने शिकवतो. आडव्या चकत्या करायच्या, कागदावर एकेकीची कड गिरवायची. किनेक्टचं उत्पादन २०१७ मध्येच थांबलं. बिघडला तर शाळेने आणायचा कुठून?

भूगोलवेडी:
बटाट्यावर पाणी कुठून कुठे वाहतं ते दिसत नाही, आणि मुलं अडतात तिथेच. तुम्हाला नवं काही नकोच आहे!

दोनशिक्षकी:
आधी वर्गात शिक्षक तर राहू द्या. आमची पहिली ते चौथी, शिक्षक दोन. मी बीएलओ, म्हणजे मतदारयादीचं काम माझ्याकडे. गेल्या आठवड्यात दोन दिवस मतदारयादी घेऊन दारोदार फिरले. परत येऊन पोषण आहाराच्या नोंदी.

खडूफळा:
अगदी खरं. आमच्याकडेही परीक्षेच्या तोंडावर एकाला सर्वेक्षणाला पाठवलं. त्याचा गणिताचा भाग राहिला तो राहिलाच.

भूगोलवेडी:
विषय भरकटतोय.

दोनशिक्षकी:
भरकटत नाही! मी नसताना चौथीची मुलगी पहिलीला पाढे म्हणून घेते. एकमेकांकडून शिकणं आमच्याकडे रोज चालतं, नाइलाजाने. त्यावर कुणी चर्चा करत नाही.

पुण्याचा_बाबा:
हार्वर्डच्या 'एलियन कॉन्टॅक्ट' या एआर खेळात मुलं मैदानात फिरायची. गटात कुणी रसायनतज्ज्ञ, कुणी एफबीआयचा माणूस. एकाच जागी प्रत्येकाला आपापल्या पडद्यावर वेगळा पुरावा दिसायचा. सगळ्यांचे जोडल्याशिवाय कोडं सुटायचं नाही. बोलणं भागच पडायचं.

खडूफळा:
हे पटलं. पण मग बोलतं केलं ते वाटणीने, एआरने नाही. चिठ्ठ्यांवरही जमलं असतं.

भूगोलवेडी:
चिठ्ठीत झडप उघडताना दिसते का?

खडूफळा:
नाही दिसत, बरं. पुढच्या वेळी चौघांना हृदयाचा एकेक कप्पा वाटून देतो आणि मोबाइल फिरता ठेवतो. ज्याच्या घरचा, त्याच्या हातात सगळ्यात शेवटी.