मदत हवी आहे: ७१ वर्षांच्या काकांची पहिलीच ऑर्डर, पैसे किती सांगायचे आणि हक्कांचं काय?

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलाय, पण पूर्ण वाचा प्लीज, शुक्रवारपर्यंत समोरच्यांना उत्तर द्यायचंय.

आमचा दर रविवारी स्केचिंगला जाणारा नऊ जणांचा ग्रुप आहे, आर्ट कॉलेजचं कुणीच नाही, सगळे हौशी. सकाळी सातला मंडई नाहीतर ओंकारेश्वर, विश्रामबागवाडा, कधी सोमवार पेठेतलं नागेश्वर, दोन तास काढायचं, मग चहा आणि एकमेकांच्या वह्या बघायच्या. त्यात एक काका आहेत, कंपनीत ड्राफ्ट्समन होते, रिटायर झाल्यापासून पेठांमधले वाडे काढतात, नुसतं पेन, रंग अजिबात नाही. दिंडी दरवाजा, चौकातली तुळस, लाकडी खांबांवरची नक्षी, अगदी जिन्याचा झिजलेला कठडासुद्धा. त्यातले बरेच वाडे आता पडलेत, तिथे बिल्डिंगी उभ्या आहेत. अशी दीडेकशे चित्रं त्यांच्या कपाटात आहेत आणि आत्तापर्यंत जी बाहेर गेली ती सगळी फुकट, भाच्याच्या वास्तुशांतीला एक, शेजाऱ्यांना एक असं करत.

गेल्या दिवाळीत सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही एक टेबल लावलं होतं. एका बाईंना शनिवार पेठेतल्या वाड्याचं चित्र फार आवडलं, त्यांचं लहानपण तिथलंच, डोळ्यात पाणी आलं त्यांच्या. "काका, किती द्यायचे?" म्हणाल्या. काका म्हणाले, "अहो द्या तुम्हाला वाटतील ते." त्यांनी पाचशे दिले. नुसती फ्रेम साडेसहाशेची होती. बाईंची काहीच चूक नाही, त्यांना आकडा कुणी सांगितलाच नाही, त्यांनी तरी काय करायचं? मी शेजारी उभी होते आणि माझ्याही तोंडातून शब्द फुटला नाही, ते मला अजून लागून राहिलंय.

तर आता असं झालंय की एका कंपनीला नवीन वर्षाच्या कॅलेंडरसाठी बारा वाडे हवेत. सहा काकांकडे तयार आहेत, सहा नवीन काढून हवेत. ते म्हणतायत बारा हजार देतो, ओरिजिनल पण आम्हालाच द्या. काका लगेच हो म्हणणार होते, मी हातापाया पडून थांबवलंय.

मी थोडं वाचलं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात असं आहे की चित्र विकलं म्हणजे कॉपीराइट गेला असं होत नाही, कागद घेणाऱ्याचा झाला तरी छापायचा हक्क चित्रकाराकडेच राहतो, तो द्यायचा तर लेखी द्यावा लागतो. पण ऑर्डर घेऊन, पैसे ठरवून पेंटिंग किंवा पोर्ट्रेट काढून दिलं तर उलटं, वेगळं काही ठरवलेलं नसेल तर पहिला मालक ऑर्डर देणाराच! हे वाचून मी हबकलेच. म्हणजे जुन्या सहांचे हक्क काकांचेच आणि नवीन सहांवर मात्र कंपनी हक्क सांगू शकते, उद्या ती मगवर छापली, डायरीवर छापली तरी काका काही बोलू शकणार नाहीत. (वाड्याचं चित्र काढायला मात्र काही अडचण नाही, इमारतीचं चित्र काढणं कायद्याने चालतं.)

माझे प्रश्न असे:

किंमत कशी काढता तुम्ही? कुणी म्हणतं चौरस इंचावर. ए४ कागद म्हणजे साधारण ९७ चौरस इंच, वीस रुपयांनी धरलं तर १,९४० होतात, कागद आणि फ्रेम वेगळी. पण काका एका वाड्याला तीन रविवार घालवतात, प्रत्येक कौल मोजून काढतात, त्यांना आणि अर्ध्या तासात पातळ रंगाचा वॉश मारणाऱ्या मला एकच रेट कसा लावायचा? तासावर लावलं तर काका म्हणतात मी मुळातच हळू काढतो, त्याचे पैसे लोकांनी का द्यायचे. काय उत्तर देऊ मी याला?

दुसरं, फक्त कॅलेंडरपुरता छापायचा हक्क द्यायचा आणि ओरिजिनल काकांकडेच ठेवायची, असं कुणी केलंय का? साध्या पत्रावर चालतं? त्यात काय काय लिहावं?

तिसरं कागदाचं. जुनी चित्रं साध्या कार्ट्रिज पेपरवर आहेत, काही तर बॉलपेनची आहेत. कागद पिवळा पडतोय, शाई फिकी होतेय. अशी वस्तू पैसे घेऊन द्यायला माझं मन धजत नाही. स्कॅन करून पिगमेंट शाईचे (लवकर फिकी न होणारी शाई) प्रिंट चांगल्या कागदावर काढून विकावेत का? नवीन चित्रांसाठी शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचा कागद बघायचा विचार आहे, पेनने त्यावर बारीक रेघ फुटते का ते वापरलेल्यांनी सांगा.

आणि बाकीच्या आम्हा आठ जणांसाठी: घोले रोडचं राजा रविवर्मा किंवा बालगंधर्वचं कलादालन पहिल्यांदाच घेतलेलं कुणी आहे का इथे? मांडणी, लाइट, दिवसभर कोण बसणार, सगळंच विचारायचंय. आमच्यातली एक मैत्रीण पिंटरेस्टवरचे फोटो बघून सुंदर वॉटरकलर करते, ते विकायला नको असं मी तिला सांगितलंय कारण फोटो दुसऱ्याचा आहे, ती जरा रुसलीये.

अपडेट, बुधवार रात्र: सगळ्यांचे खूप आभार, एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. सगळे काकांना वाचून दाखवले, काकूही बसल्या होत्या. आता असं ठरलंय की बाराही चित्रांचा फक्त एका वर्षाच्या कॅलेंडरचा हक्क द्यायचा, ओरिजिनल द्यायची नाहीत, प्रत्येक पानावर काकांचं नाव आणि वाड्याची पेठ छापायची, आणि नवीन सहांचा कॉपीराइटही काकांचाच राहील हे पत्रात स्पष्ट लिहायचं, दोघांच्या सह्या घ्यायच्या, काम सुरू व्हायच्या आधी. निम्मे पैसे आधी. ज्यांनी चित्राच्या मागे नाव, तारीख, कागद आणि शाई लिहून ठेवायला सांगितलं त्यांचे वेगळे आभार, काकांनी आजच पंचवीस चित्रांवर पेन्सिलीने लिहूनही टाकलं. काचेला कागद चिकटू नये म्हणून माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) लावा, नाहीतर पावसाळ्यात बुरशी येते, हेही फ्रेमवाल्याला सांगितलंय.

आकड्यावर मात्र अजून अडलंय. तुमच्यापैकी बहुतेकांनी नुसत्या हक्काचे प्रत्येक चित्राला अडीच ते तीन हजार सांगा म्हटलंय. काकांना ते फार वाटतंय, काकूंना कमी वाटतंय. ज्यांनी स्वतः कॅलेंडरसाठी चित्रं दिलीत त्यांनी खरा मिळालेला आकडा सांगितला तर फार मदत होईल, इथे नको असेल तर मेसेज करा. यावेळी फोन मी करणार आहे आणि आकडा मीच बोलणार आहे.